खान्देशातील धाब्याच्या घरांच्या तुळया व तंतू-संमिश्राचे बळकटीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या चोपडा परिसरातील धाब्याच्या जुन्या घरांत भिंती मातीच्या असल्या, तरी छताचा भार प्रामुख्याने सागवानी खांब, तुळया व कड्या वाहतात. 1878 च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनांतील लाकूडतोडीवर निर्बंध आले. आज तशा जाडीचे व लांबीचे सागवान मिळणे दुरापास्त आहे. त्यामुळे वाकलेली तुळई बदलावी की वाचवावी, हा प्रश्न इतिहास व अभियांत्रिकी या दोन्ही शाखांचा ठरतो.

तुळई खचण्याची कारणे :
धाबे गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती टाकली जाते व थर वाढत जातो. 30 सेंटिमीटर जाडीच्या थराचा भार दर चौरस मीटरला सुमारे 500 किलोग्रॅम होतो. भिंतीत रुतलेली टोके ओलीने कुजतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात माळवदाच्या घरांच्या जड दगडी भिंती कोसळल्या. मात्र अनेक ठिकाणी लाकडी सांगाडे उभे राहिले. दोष केवळ लाकडाचा नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

तंत्राचा उगम :
पूर्वी तुळईस लोखंडी पट्ट्या बोल्टने जोडीत. स्वित्झर्लंडमधील एम्पा संस्थेत उर्स मायर यांनी कार्बन तंतूंच्या पट्ट्यांवर संशोधन केले. 1991 मध्ये ल्यूसर्नजवळील इबाख येथील काँक्रीटच्या पुलासाठी 175 किलोग्रॅम पोलादाऐवजी अशा 6.2 किलोग्रॅम पट्ट्या पुरल्या. 1992 मध्ये सिन्स येथील, 1807 साली बांधलेल्या लाकडी पुलाच्या आडव्या तुळयांनाही त्या चिकटविण्यात आल्या.

उपयोग व मर्यादा :
भाराखाली तुळईच्या वरच्या भागावर दाब, तर खालच्या भागावर ताण येतो. गाठी असलेले लाकूड बहुधा ताणाच्या बाजूने तडकते. पट्टी तेथेच आधार देते. तथापि सागातील नैसर्गिक तेलामुळे चिकटद्रव्य नीट धरत नाही. पृष्ठभाग आधी तासून व पुसून घ्यावा लागतो. नेहमीच्या तापमानात घट्ट होणारे इपॉक्सी सामान्यतः 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. खान्देशातील उन्हाळ्यात, विशेषतः पत्र्याखाली, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. शिवाय कुजलेल्या लाकडावर पट्टी निरुपयोगी ठरते आणि एकदा चिकटविलेली पट्टी लाकडास इजा न करता काढणे कठीण असते.

निष्कर्ष :
प्रथम मातीचा भार कमी करावा, नंतर ओल थांबवावी, कुजलेले टोक बदलावे आणि शेवटी गरज उरल्यासच तंतू-संमिश्र वापरावे. हा क्रम पाळल्यास सातपुड्याचे जुने सागवान घरासह टिकेल. क्रम उलटल्यास महागड्या पट्टीमागे तेच लाकूड कुजत राहील.