ध्यानचंद, मल्लखांब आणि विद्यापीठाचा हिशेब

आज पुन्हा झाशीहून बोलतोय. परवा सकाळी फिरताना एका निवृत्त प्राध्यापक मित्राने विचारलं, "कर्नलसाहेब, विद्यापीठाने मल्लखांबासारखा आणखी एक खेळ घ्यावा का? त्यातून पैसा तर एक येणार नाही."

मी समोर बोट दाखवलं. सीपरीच्या टेकडीवर हातात स्टिक घेतलेला ध्यानचंदांचा पुतळा आहे. म्हटलं, यांच्या खेळातून तरी कुठे पैसा येत होता?

ध्यानचंद १९२२ साली शिपाई म्हणून पलटणीत भरती झाले. तोवर त्यांनी हॉकी फारशी खेळलेली नव्हती. सुभेदार-मेजर बाळे तिवारींनी त्यांना खेळायला लावलं. पलटणीने मैदान दिलं, वेळ दिला आणि शिकवणारा माणूस दिला. तिकीट मात्र एक विकलं नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलेल्या संघालाही खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी वाटेत प्रदर्शनी सामने खेळावे लागले. अमेरिकेला २४-१ ने हरवणाऱ्या संघाची ही गत!

आता मल्लखांब. दुसरे बाजीराव १८१८ नंतर बिठूरला राहिले. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर त्यांच्याच पदरी होते. आपली मनू, पुढे झाशीची राणी, तिथेच हे शिकली असं परंपरा सांगते. खेळ त्याहून कितीतरी जुना. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पण बिठूरहून झाशीत सून म्हणून आलेल्या मुलीचा हा खेळ इथल्या पोरांना परका वाटावा, याचं मला वाईट वाटतं.

एक योगायोग मला फार आवडतो. १५ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ ने हरवलं. त्याच ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनमध्ये होतं आणि कबड्डी, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवत होतं. एक फौजी झाशीचा, बाकीची पोरं वऱ्हाडातली. कमाईसाठी त्यांतलं कुणीच गेलं नव्हतं.

मित्र म्हणाला, "ती जुनी गोष्ट. अमेरिकेत बघा, विद्यापीठं हिशेब करतात." खरंय. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्या यादीत कुस्ती होती, आणि हॉकीही! माजी खेळाडू खवळले, आणि मे २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. अशा खेळांचा खर्च तिथे बराचसा फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईतून निघतो. आपल्याकडे विद्यापीठाच्या कोणत्या खेळाला तिकीट असतं? मग मल्लखांबालाच तो प्रश्न का?

खर्च म्हणाल तर एक लाकडी खांब, खाली मॅट आणि एरंडेल तेल. २०२२ मध्ये बंगळूरच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत मल्लखांब आला, म्हणजे खेळाडूला पुढची पायरीही आहे.

पण माझा होकार सरसकट नाही. फौजेत असताना एका कॉलेजात पाहुणा म्हणून गेलो होतो. आवारात सुरेख मल्लखांब पुरलेला, आणि त्याच्या बोंडावर कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत घातलेला! चौकशी केली तर शिकवणारे सर दोन वर्षांपूर्वी गेलेले, त्यांच्या जागी कुणी नेमलंच नाही. दसरंग, तेढी, सलाम या पकडी पुस्तकातून येत नाहीत; खाली उस्ताद उभा लागतो, नाहीतर पोरगं मानेवर पडतं.

म्हणून मित्राला म्हटलं, मल्लखांब घ्या, पण खांबाआधी प्रशिक्षकाची कायम जागा मंजूर करून घ्या. पगाराची तरतूद होणार नसेल तर खांब पुरूच नका.

तो म्हणाला, "जागा मंजूर करून घेणं तुमच्या लढाईपेक्षा अवघड आहे, साहेब." अर्ज लिहायला आम्ही रविवारी बसणार आहोत.