न्हाणीतला बुरा

मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत न्हाणी मागीलदारी असे, पुष्कळदा घरापासून सुटी. आडोसा झावळ्यांचा किंवा चिऱ्याचा, खाली उतार दिलेला दगड, आणि सांडपाणी पाटाने थेट माड-केळींच्या बुडाशी. पावसाळ्यात मुसळधार पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत शेवाळ कुणालाच चुकत नसे. पण ते उघड्यावर वाढे आणि नारळाच्या सोडणाने घासलं की निघे.

जिथे न्हाणी घराला लागून होती, तिथे तिच्यातच चूल असे. चुलीवर तांब्याच्या भांड्यात पाणी तापे, धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि जाता जाता भिंती सुकवी. बाळंतीण आणि तान्ह्या बाळाचं न्हाणंही तिथेच होई. त्या धुराचा बाळाच्या छातीला त्रासच व्हायचा, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं म्हणायचं कारण नाही.

भिंतींना चुना लावत. किनाऱ्यावर शिंपल्या भट्टीत भाजून तो करता येई. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. एवढ्या अल्कलीत बुरशी तग धरत नाही. मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचा हळूहळू चुनखडीसारखा थर होतो आणि त्याचा जोर ओसरतो, म्हणून हात पुन्हा फिरवावा लागे. गणेशचवथीआधीच्या रंगरंगोटीत हे काम आपसूक होऊन जाई. भिजवलेला चुना डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते, म्हणून पोरांना दूर ठेवावंच लागे.

पुढे स्लॅबची घरं आली, न्हाणी खोलीला चिकटून बाथरूम झाली. चूल गेली, कौलांच्या फटी गेल्या, खिडकी वीतभर उरली. टाइल्सच्या सांध्यांत आणि ऑइलपेंटखाली काळे ठिपके दिसू लागले. त्यावर हाताशी आली ती ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर. ही ब्लीचिंग पावडरही चुन्याचीच: विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून ती करण्याचं पेटंट ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये घेतलं. मात्र संडास धुण्याच्या अॅसिडशी किंवा व्हिनेगरशी ती मिसळली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो लहान मुलाला लवकर बाधतो. शिवाय सच्छिद्र गिलाव्यात ब्लीच खोलवर पोचत नाही. डाग पांढरा होतो, मुळं आतच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भर आहे तो ओल टिकू न देण्यावर. ओलसर, बुरशी असलेल्या घरांचा मुलांच्या दम्याशी संबंध त्यात नोंदला आहे. ठिपके मोजके असतील तर मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवून, खिडकी उघडून, नाकातोंडाला मास्क आणि हातांत मोजे घालून काम करावं. बुरा कोरडा खरवडला तर बीजाणू हवेत उडतात, म्हणून आधी भिंत ओली करून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावी, धुवावी आणि कापडाने पुसून कोरडी करावी. जागा पूर्ण वाळेपर्यंत मुलाला तिथे न्हाऊ घालू नये. संडास धुण्याचं अॅसिड घरात असेल तर ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. डाग पुन्हा त्याच जागी उठला, तर घासणं थांबवून गळका नळ, फुटका पाइप किंवा फरशीचा चुकलेला उतार शोधावा लागतो. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तो काढून नव्यानेच करावा लागतो.