जेम्स आणि याकूब

भिवंडीच्या बाजारांत कोणी ‘याकूब’ म्हणून हांक मारली तर एखादा तरी वळून पाहील. ‘जेम्स’ म्हणून मारल्यास बहुधा कोणीच पाहणार नाहीं. तथापि हीं दोन्ही नांवें मुळांत एकच होत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

मूळ शब्द हिब्रू, ‘याकोव’. टांच या अर्थाच्या शब्दाशीं त्याचा संबंध जोडतात. बायबलांतील कथेप्रमाणें हा पुरुष जुळ्या भावाची टांच धरूनच जन्मास आला, आणि पुढें त्यानें भावाचा वडीलपणाहि घेतला. यावरून ‘दुसऱ्याची जागा घेणारा’ असा अर्थ रूढ झाला. अरबींत त्याचें ‘याकूब’ झालें. उत्तरकालीन लॅटिनांत ‘याकोमुस’ होऊन फ्रेंचांच्या द्वारें इंग्रजींत ‘जेम्स’ आलें. मराठी बायबलांत मात्र जेम्सचें पत्र ‘याकोबाचें पत्र’ म्हणूनच छापलें जातें.

आमच्या प्रांताशीं संबंध आलेल्या जेम्सांस हा अर्थ कितपत लागू पडतो? पेशवाई बुडाल्यावर जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचा कारभार पाहूं लागला; तेथें अर्थ पटतो. त्यानेंच १८२६ मध्यें मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला, आणि नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं पुढें त्यांतील उणिवा दाखविल्या. उलट, जेम्स टॉमस मोल्सवर्थ यानें १८३१ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशांत आमच्या शब्दांची जागा घेतली नाहीं, त्यांस जागा दिली.

तिसरा जेम्स येथें कधीं आलाच नाहीं. लँकेशायरचा विणकर जेम्स हारग्रीव्ह्ज यानें १७६४ च्या सुमारास एकाच वेळीं अनेक धागे काढणारें यंत्र केलें. पोटावर पाय येईल या भीतीनें १७६८ मध्यें लोकांनीं त्याच्या घरांत शिरून तीं यंत्रें मोडलीं. पुढें तेथील गिरण्यांच्या कापडानें हिंदुस्थानांतील विणकरांची जागा घेतली. परंतु १८५७ नंतर उत्तरेकडून भिवंडीस येऊन वसलेल्या मोमीन विणकरांनीं मागाची संगत सोडली नाहीं. याच गांवांत पुढें हजारों यंत्रमाग उभे राहिले.

याच गांवीं १९७० आणि १९८४ मध्यें दंगलीहि झाल्या. अशा वेळीं माणसाचें नांवच त्याचा गुन्हा ठरतें. एका नांवाची फोड करतां करतां आम्ही तीन धर्मांच्या घरांत शिरलों. तेव्हां केवळ नांवावरून माणसाचा निवाडा करणें किती पोकळ, हें निराळें सांगावयास नको. नांव आईबाप ठेवतात. त्याला अर्थ देणें ज्याचें त्याच्याकडे असतें.