डिझायनिंग युअर लाइफ (अभ्यासक्रम)

डिझायनिंग युअर लाइफ हा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकविला जाणारा जीवननियोजनाचा अभ्यासक्रम आहे. बिल बर्नेट आणि डेव्ह इव्हान्स यांनी २००७ च्या सुमारास तो सुरू केला. वस्तू घडविताना वापरली जाणारी डिझाइनची कार्यपद्धती शिक्षण, व्यवसाय आणि वैयक्तिक आयुष्याच्या प्रश्नांना लावणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. याच नावाचे पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत विद्यापीठाबाहेरही परिचित झाली.

पार्श्वभूमी

बर्नेट यांनी अ‍ॅपल कंपनीत लॅपटॉपच्या रचनेवर काम केले होते. पुढे ते स्टॅनफर्डच्या डिझाइन अभ्यासशाखेचे कार्यकारी संचालक झाले. इव्हान्स यांचा अ‍ॅपलच्या सुरुवातीच्या माउसच्या विकासात सहभाग होता आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीचे ते सहसंस्थापक होते. सागरी जीवशास्त्रज्ञ होण्याच्या इच्छेने त्यांनी स्टॅनफर्डमध्ये जीवशास्त्राचा अभ्यास सुरू केला होता. मात्र तो विषय आपला नाही हे लक्षात आल्यावर ते यंत्र अभियांत्रिकीकडे वळले. स्टॅनफर्डमधील अभ्यासक्रमापूर्वी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत व्यवसायनिवडीविषयी अध्यापन केले.

मूळ भूमिका

अभियांत्रिकीच्या प्रश्नात अपेक्षित निष्पत्ती आधी ठाऊक असते. लॅपटॉपची बिजागरी किती वर्षे टिकावी हे ठरले, की तशी बिजागरी तयार करणे एवढेच उरते. ज्या प्रश्नात अंतिम रूपच आधी माहीत नसते, तो डिझाइनचा प्रश्न. आयुष्याचे नियोजन या दुसऱ्या प्रकारात मोडते, असे बर्नेट व इव्हान्स मानतात. त्यामुळे आधी ध्येय निश्चित करून मग कृती करावी, हा रूढ क्रम येथे स्वीकारलेला नाही. लहान कृतींतून माहिती मिळते आणि त्या माहितीतून दिशा स्पष्ट होते, असा हा क्रम आहे.

‘आपली आवड ओळखा’ या प्रचलित सल्ल्यालाही या पद्धतीत प्रश्न विचारला जातो. स्टॅनफर्डमधील मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन यांच्या संशोधनानुसार सुमारे पाचांपैकी एकाच तरुणाला आयुष्याच्या उद्दिष्टाची स्पष्ट कल्पना असते. बहुतेकांच्या बाबतीत आवड ही अनुभवातून घडते; म्हणून ती आधी सापडलीच पाहिजे, या अपेक्षेला लेखक अडथळा ठरणारी समजूत मानतात.

प्रमुख टप्पे

सद्यःस्थितीची नोंद: आरोग्य, काम, खेळ आणि प्रेम या चार बाबी कितपत समाधानकारक आहेत, याची नोंद केली जाते.

कार्यदृष्टी व जीवनदृष्टी: काम कशासाठी करावे आणि आयुष्याला अर्थ कशाने येतो, यांवर प्रत्येकी सुमारे २५० शब्दांचे टिपण लिहिले जाते. दोन्ही टिपणे कोठे जुळतात आणि कोठे परस्परांना छेद देतात, हे पाहिले जाते.

नोंदवही: दिवसभरातील कोणत्या कामात मन गुंतले, कोणत्या कामाने उत्साह वाढला आणि कोणत्या कामाने तो ओसरला, याची सुमारे तीन आठवडे नोंद ठेवली जाते.

तीन आराखडे: पुढील पाच वर्षांचे तीन भिन्न आराखडे तयार केले जातात. पहिला, सध्या मनात असलेल्या मार्गाचा. दुसरा, तो मार्ग अचानक बंद झाल्यास काय करता येईल याचा. आणि तिसरा, पैसा व लोकमत यांची चिंता नसती तर काय केले असते याचा. साधनांची उपलब्धता, आवड, आत्मविश्वास आणि स्वतःच्या जीवनदृष्टीशी असलेली सुसंगती या चार निकषांवर प्रत्येक आराखडा तपासला जातो.

प्राथमिक नमुने: आराखड्यातील कल्पना कमी खर्चात पडताळल्या जातात. शिक्षक होऊ इच्छिणारी व्यक्ती आधी एखाद्या शिक्षकाशी सविस्तर बोलू शकते किंवा काही दिवस वर्गात बसून निरीक्षण करू शकते. नोकरी सोडण्यापूर्वीच त्या कामाचे दैनंदिन स्वरूप कळावे, हा यामागचा हेतू असतो.

निवड: पर्याय मोजक्यांवर आणून एकाची निवड केली जाते आणि उरलेले सोडून दिले जातात. घेतलेल्या निर्णयाचा पुन्हापुन्हा फेरविचार केल्यास समाधान कमी होते, असे लेखकांचे मत आहे.

गुरुत्वाकर्षणाचे प्रश्न

जी परिस्थिती व्यक्तीच्या कृतीने बदलत नाही, तिला लेखक ‘गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न’ म्हणतात. कवींना कवितेतून फारसे उत्पन्न मिळत नाही, हे त्यांनी दिलेले एक उदाहरण. अशी परिस्थिती स्वीकारून प्रश्न नव्याने मांडावा, असे ते सुचवितात: कवितेवर उदरनिर्वाह कसा करावा याऐवजी उदरनिर्वाह सांभाळून कविता कशी लिहिता येईल, असा प्रश्न विचारता येतो.

मूल्यमापन व मर्यादा

स्टॅनफर्डमधील पीएच.डी. संशोधनात या अभ्यासक्रमाचा अभ्यास झाला आहे. व्यवसायाविषयीच्या अडथळा ठरणाऱ्या समजुती कमी होणे आणि स्वतःच्या निवडक्षमतेवरील विश्वास वाढणे, असे परिणाम त्यात आढळले. मात्र हे निष्कर्ष मुख्यतः एका नामांकित विद्यापीठातील विद्यार्थ्यांविषयी असल्याने ते सर्व समाजगटांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

प्रयोग करण्यासाठी वेळ, ओळखी आणि काही प्रमाणात आर्थिक स्थैर्य लागते. कुटुंबाचा भार असलेल्या किंवा अपुऱ्या वेतनावर काम करणाऱ्या व्यक्तीसमोर पर्यायच कमी असतात. तसेच कोणती परिस्थिती अटळ मानावी, हा प्रश्न नेहमी वैयक्तिक नसतो. वेतन वा भेदभाव यांसारख्या बाबी एकट्याच्या प्रयत्नाने बदलत नसल्या, तरी सामूहिक प्रयत्नाने बदलू शकतात. या पद्धतीतून मिळणारी स्पष्टता ही उपलब्ध पर्यायांपुरतीच असते. पर्यायांची संख्या मात्र व्यक्तीबाहेरील परिस्थितीवरही अवलंबून राहते.