मृताचे घर कोणते?

अमेरिकेतील मृत्युकराच्या इतिहासाकडे साहित्याच्या अभ्यासकाने वळावे, असे सहसा कोणी सुचवीत नाही. पण त्यातील काही खटल्यांत न्यायालयांपुढे आलेला प्रश्न आम्हांस फार ओळखीचा वाटतो. माणसाने स्वतःविषयी लिहून ठेवलेले प्रमाण मानायचे, की त्याच्या जगण्यावरून त्याचा हेतू वाचायचा?

जमीनजुमला आणि चीजवस्तू ज्या राज्यात, तेथे कर, हे सोपे होते. हेन्री क्ले फ्रिक पेनसिल्व्हानियाचे. पण न्यूयॉर्कमधील त्यांच्या चित्रांवर पेनसिल्व्हानियाला कर लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये ठरविले. शेअर आणि कर्जरोखे मात्र असतात कोठे? उत्तर निघाले की, मृताचा अधिवास असेल तेथे. अधिवास म्हणजे नुसता मुक्काम नव्हे. मुक्काम आणि तेच आपले घर मानण्याचा हेतू. कायद्याच्या तत्त्वाप्रमाणे तो एकच असतो. व्यवहारात प्रत्येक राज्याचे न्यायालय आपापल्या परीने तो ठरवी. कॅम्पबेल सूपचे जॉन डॉरन्स १९३० मध्ये वारले, तेव्हा न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हानिया या दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी ते ‘आमचेच’ असल्याचा निवाडा दिला आणि दोन्ही राज्यांनी प्रत्येकी एक कोटी डॉलरहून अधिक कर वसूल केला. एका माणसाला दोन एकमेव घरे मिळाली!

कर्नल एडवर्ड ग्रीन यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. वॉल स्ट्रीटवर नावाजलेल्या हेटी ग्रीन यांचे हे चिरंजीव १९३६ मध्ये वारले. टेक्सास, फ्लॉरिडा, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या चार राज्यांनी त्यांच्या मालमत्तेवर दावा सांगितला. निव्वळ मालमत्ता सुमारे ३ कोटी ६१ लाख डॉलर. केंद्राचा कर आणि चौघांच्या मागण्या मिळून सुमारे ३ कोटी ७७ लाख. सारे जिंकले असते, तर वारसांना काहीच उरले नसते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने हा वाद थेट आपल्याकडे घेतला.

ग्रीन आयुष्यभर आपण टेक्सासचे असल्याचे लिहीत आले होते. तरुणपणी त्यांनी तेथे रेल्वे चालविली होती. १९११ नंतर मात्र तिकडे जाणे क्वचितच. मॅसॅच्युसेट्समधील राउंड हिल ही आजोळची जागा. तेथे त्यांनी मोठा वाडा बांधला आणि ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे जुने देवमाशांच्या शिकारीचे जहाज किनाऱ्यावर आणून जतन केले. कर चुकविण्यासाठी केलेल्या घोषणांपेक्षा न्यायालयाने या जगण्याला अधिक वजन दिले. १९३९ मध्ये न्यायमूर्ती स्टोन यांनी निकाल दिला: घर मॅसॅच्युसेट्समध्येच. लेखकाच्या प्रस्तावनेपेक्षा त्याच्या संहितेवर विश्वास ठेवणारा समीक्षक याहून वेगळे काय करतो? न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचे मत निराळे होते. असली तथ्ये निवडणे या न्यायालयाचे काम नव्हे, असे त्यांनी बजावले. तो आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

कारण हॉवर्ड ह्यूज यांच्याबाबत वाचण्याजोगे जगणेच विरळ होते. अखेरची वर्षे त्यांनी हॉटेलांच्या बंद खोल्यांत काढली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोहून ह्यूस्टनला येताना विमानातच त्यांचा अंत झाला. टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोघांनीही हक्क सांगितला. मालमत्तेची व्यवस्था पाहणारे म्हणत, ते नेवाडाचे, जेथे वारसाकर नव्हता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद ऐकण्याचे मान्य केले, पण निकाल लागण्याआधीच, १९८४ मध्ये, राज्यांनी तडजोड केली. ह्यूज यांचे घर कोणते, हे त्या न्यायालयाला सांगावे लागले नाही.