पोलादी पात्यांवरील जौहर व तेजाबी नक्षी

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याचा प्रवासग्रंथ इ. स. १६७६ त पॅरिस येथें छापला गेला. त्यांत सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेचे मुक्काम कोसांसह दिले आहेत. औरंगाबाद सोडल्यावर औबार, त्यानंतर आष्टी व पुढें नांदेड असा तो क्रम लागतो. औबार म्हणजे अंबड. अंबड व आष्टी हीं दोन्ही स्थळें हल्लींच्या जालना जिल्ह्यांत आहेत. याच ग्रंथाच्या इराणविषयक भागांत एक मजकूर आहे, तोच प्रस्तुत लेखाचा पाया होय. इराणांतील कारागीर तरवारी, सुऱ्या आदिकरून पात्यांवर हिराकसाच्या योगें नक्षी उठविण्यांत मोठे निष्णात आहेत. मात्र ती नक्षी त्यांच्या देशच्या पोलादावर उठत नाहीं, युरोपांतील पोलादावरहि उठत नाहीं, गोवळकोंड्याहून आलेल्या पोलादावरच उठते, असें ताव्हर्निये सांगतो. यावरून अंबडच्या वाटेनेंच तें पोलाद परदेशीं जात होतें असें मात्र कोणीं समजूं नये. गोवळकोंड्याचें बंदर मच्छलीपट्टण; दर्यामार्गें जाणारा त्या मुलखाचा माल तेथें जहाजावर चढे.

एकाच पोलादावर नक्षी कां उठावी व दुसऱ्यावर कां उठूं नये? याचें कारण असें कीं, ताव्हर्निये ज्या नक्षीविषयीं बोलतो ती कारागिरानें काढलेलीच नव्हे. तीस फार्सींत जौहर म्हणतात. (राजपुतांच्या जोहाराशीं या शब्दाचा संबंध जोडूं नये.) दक्षिणेंतील मुशींत सिद्ध झालेल्या पोलादांत कोळशाचा अंश, म्हणजे कार्बन, शेंकडा एक ते दोनपर्यंत असे. बेतानें तापवून ठोकतां ठोकतां त्यांत कठीण कणांचे पट्टे जमतात. पातें घासून हिराकसाच्या पाण्यानें पुसलें म्हणजे मधला मऊ भाग काळवंडतो, कठीण कण पांढरे राहतात, आणि पाण्याच्या लहरींसारखी आकृति दिसूं लागते. अमेरिकेंतील व्हरहोव्हन या धातुशास्त्रज्ञानें पेंड्रे नांवाच्या लोहाराच्या साह्यानें हें सर्व पुन्हा करून पाहिलें, व हे पट्टे जमण्यास धातूंत व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश लागतो असें १९९८ त दाखविलें. म्हणजे खाण बदलली कीं जौहर गेला.

खाणीचें हें महत्त्व आपल्या लोहारांस अनुभवानें ठाऊक होतें. गोदावरीच्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणांत, कोनसमुद्रम् म्हणून गांव आहे. त्रिकोणमितीय मोजणीबरोबर फिरणारा डॉक्टर व भूगर्भवेत्ता व्हॉयसी यानें तेथील पोलादाची कृति लिहून ठेविली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८३२ त कलकत्त्यास छापली गेली. मिरटपल्ली येथील लोखंड तीन भाग व कोंडापूर येथील दोन भाग असें प्रमाण तो देतो. इस्पहानचा एक हाजी व्यापारी पोलाद नेण्यासाठीं त्या खेड्यांत येऊन राहिला होता व माल स्वतः पारखून घेत होता, हेंहि तो सांगतो. ताव्हर्नियेनंतर दीडशें वर्षांनीं तोच व्यापार तसाच चालू असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा? अंबड, जालना व कोनसमुद्रम् हीं सर्व १९४८ पर्यंत निजामाच्या एकाच राज्यांत होतीं.

आतां दुसरी नक्षी. पात्यावर मेण अथवा रोगण चढवावयाचें, त्यांत सुईनें आकृति ओरखडावयाची, आणि उघड्या पडलेल्या रेघांवर तेजाब सोडावयाचें, ही कृति युरोपांत चिलखतें सजविण्यासाठीं वाढली. ऑग्सबुर्गचा डॅनिएल हॉप्फर हा अशीं चिलखतें नकसणारा. त्यानेंच ती युक्ति लोखंडी पत्र्यावरून कागदावर चित्रें छापण्यास लाविली. ही नक्षी कोणत्याहि पोलादावर काढतां येते, कारण ती धातूच्या पोटांतून येत नाहीं. दक्षिणेंत आलेल्या फिरंगी पात्यांवर अशी नक्षी असेल तर ती युरोपांतील कारखान्याची साक्ष देते, मूठ मराठी असली तरी. सोन्यारुप्याची तार ठोकून बसवितात ती कोफ्तगारी पुन्हा निराळीच. नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांची तरवार एप्रिल १९२५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०२५ त, लंडनच्या लिलावांत महाराष्ट्र सरकारनें घेतली. तिचें पातें युरोपीय असून त्यावर सेनासाहेब सुभा या किताबासह देवनागरी अक्षरें सोन्यांत बसविलेलीं आहेत. पातें परदेशचें, अक्षरें इकडचीं. शस्त्रांच्या याद्यांत या तिहींस मिळून "नक्षीदार पातें" एवढेंच लिहिण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस घातक वाटते; कारण पहिलीवरून खाण कळते, दुसरीवरून कारखाना, व तिसरीवरून धनी.

या जौहराचा शेवट मात्र कोणास सुचणार नाहीं अशा ठिकाणीं झाला. मुंबईचा डॉक्टर हेलेनस स्कॉट यानें १७९४ त या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले व पिअर्सननें पुढील वर्षीं त्यावर निबंध वाचला. मग तसें पोलाद बनविण्याचा नादच युरोपास लागला. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, व त्याचा सहकारी स्टोडार्ट सुऱ्या-वस्तरे घडविणारा. या दोघांनीं १८२० त पोलादांत नाना धातु मिसळून पाहिल्या. १८२१ त फ्रान्सांत बेर्तिये यानें क्रोमियम मिसळलेल्या पोलादाची एक सुरी व एक वस्तरा करविला आणि त्यांवर गंधकाम्ल चोळलें, तों सुंदर जौहर उमटला! पुढें क्रोमियमचें प्रमाण वाढलें. १९१३ त शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात म्हणून निरनिराळीं पोलादें तपाशीत होता. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यापूर्वीं नमुन्यावर तेजाब लावावें लागतें. शेंकडा सुमारें तेरा क्रोमियम असलेल्या नमुन्यावर तें चालेना. शिरका व लिंबाचा रसहि चालेना. न गंजणाऱ्या पोलादाची ओळख पटली ती अशी, नक्षी नाकारल्यामुळें. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या सुऱ्या झाल्या.

क्रोमियमचें प्रमाण शेंकडा साडेदहाच्या वर गेलें म्हणजे पात्यावर त्याच्या भस्माचा अत्यंत पातळ पापुद्रा बसतो व खरवडला तरी हवेंत पुन्हा धरतो. त्यामुळें शिकलगाराचें हिराकस येथें निकामी. नक्षी हवी असल्यास रोगण चढवून, आकृति ओरखडून, मिठाच्या पाण्यांत भिजविलेला बोळा विजेच्या ऋण टोंकास व पातें धन टोंकास जोडतात. प्रवाह पापुद्रा फोडतो व धातु विरघळते. लोहाचा परक्लोराइड वापरूनहि हें साधतें. विजेच्या कृतींत उरणारें पाणी क्रोमियमच्या क्षारांनीं विषारी होतें, तें मोरींत ओतूं नये. हल्लीं बाजारांत लहरींची नक्षी असलेल्या ज्या स्वस्त न गंजणाऱ्या सुऱ्या मिळतात, त्यांतील पुष्कळशा अशा वरवर रेखलेल्या असतात. खोटा जौहर काढण्याची ही खोड जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकांत साध्या तरवारींवरहि तो काढीत.

याचा जालन्याशीं आज निकटचा संबंध आहे. १९८१ त स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याच्या मुख्य शहरांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करण्याचा मोठा धंदा आहे. घरोघरच्या माळ्यावरचीं गंजलेलीं पातीं भंगारवाल्याकडे गेलीं कीं भट्टींत जातात. न गेलेलीं पातीं चाकावर घासून चकचकीत केलीं जातात, आणि आमचें म्हणणें या दुसऱ्या प्रकाराविषयीं आहे. ज्या पात्यांत खरा जौहर आहे तें घासलें तरी जौहर मरत नाहीं, लपतो. जाणत्या हातानें पुन्हा हिराकस लाविलें कीं वर येतो. परंतु फिरंगी पात्यावर तेजाबानें रेखलेलीं अक्षरें वा चिन्हें एकदां घासलीं गेलीं कीं कायमचीं गेलीं, कारण त्यांच्याखालीं धातूंत कांहींच नाहीं. म्हणून पातें निर्मळ दिसत नसेल तेव्हां प्रथम भिंगानें पाहावें. रेघेस कड व खोली असून ती गंजाच्या खड्ड्यापाशीं तुटत असेल तर ती वरून काढलेली. खड्ड्याच्या उतारावरहि लहर तशीच पुढें जात असेल तर ती आंतली. शंका राहिल्यास मुठीजवळचा नखाएवढा भाग तेवढा घासून जाणत्याकडून हिराकस लावून पाहावें, आणि बाकीचें पातें आहे तसें तेल लावून ठेवावें.