ईश्वरी तरतूद आणि लेखणी : पंडिता रमाबाई व रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या लेखनजीवनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत ख्रिस्ती लेखकांचा जो वर्ग उदयास आला, त्याचा अभ्यास प्रामुख्याने धर्मांतर, समाजसुधारणा आणि वाङ्मयीन गुणवत्ता या अंगांनी झालेला आहे. हे लेखक जगत कशावर होते, कागद, शाई व छपाई यांचा खर्च कोठून येत होता, आणि त्या खर्चाविषयी त्यांची स्वतःची धार्मिक भूमिका काय होती, हा प्रश्न मात्र बहुतेक चरित्रग्रंथांत ओझरता येऊन जातो. ख्रिस्ती परंपरेत 'देव पुरवठा करील' हा विश्वास मूलभूत मानला जातो. पण उपदेशपीठावरून हा विश्वास सांगणे आणि दरमहा वेतन नसताना लेखणी हाती धरून बसणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी हा विश्वास आपापल्या मार्गाने व्यवहारात उतरविण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा, आणि त्याची किंमत कोणी मोजली याचा, विचार केला आहे.

त्या काळातील सर्वसाधारण रीत वेगळी होती. 'यमुनापर्यटन' (१८५७) या ग्रंथाचे कर्ते बाबा पदमनजी यांच्यासारखे लेखक मिशन, बायबल सोसायटी किंवा ट्रॅक्ट सोसायटी यांच्या कामाशी बांधलेले होते. संस्थेने विषय सुचवावा, लेखकाने पुस्तक सिद्ध करावे, संस्थेने ते छापावे व अल्प किमतीत विकावे, अशी ही व्यवस्था होती. तीत लेखकाला स्थैर्य होते, तसाच अंकुशही होता.

पुराणिकाचे घर

रमाबाईंच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. ईश्वर आपली तरतूद करील हा विश्वास त्यांना ख्रिस्ती धर्मात प्रथम भेटला असे नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे सारे कुटुंब याच विश्वासावर तीर्थोतीर्थी फिरत होते. देवालयात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोत्यांनी दक्षिणा द्यावी, त्या दक्षिणेतून निर्वाह व दानधर्म करावा, असा हा जीवनक्रम होता. ग्रंथावर जगण्याचाच तो एक प्रकार होय. १८७० च्या दशकातील दुष्काळाने हा क्रम मोडला. उरलेला पैसा देवकार्यात व ब्राह्मणांना दान देण्यात संपला, अन्न मिळेना, आणि अल्पावधीतच वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. आपल्या इंग्रजी साक्षग्रंथात रमाबाईंनी या दिवसांचे जे वर्णन केले आहे, त्यात शोकाइतकाच एक कठोर हिशेबही आहे : देवावर भरवसा ठेवला, सर्व विधी केले, आणि भुकेने माणसे गेली.

ज्या स्त्रीने विसाव्या वर्षाच्या आत हे पाहिले, तिचा पुढील आयुष्यातील विश्वास भाबडा असण्याची शक्यता कमी. रमाबाईंच्या अभ्यासकांनी ही बाब पुरेशी अधोरेखित केलेली नाही, असे म्हणावे लागते.

लेखणीच्या बळावर

पुढील दशकात रमाबाई भरवसा ठेवतात तो मुख्यतः स्वतःच्या विद्येवर. १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास यांचा आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला, आणि मनोरमा ही लहान मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या पुस्तकाच्या उत्पन्नाचा उपयोग त्यांनी १८८३ मधील इंग्लंडच्या प्रवासासाठी केला. मराठी स्त्रीने स्वतःच्या ग्रंथाच्या पैशावर समुद्र ओलांडावा, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती.

वाँटेज येथील भगिनीसंघात त्या राहिल्या, तेव्हाही फुकटचे अन्न घ्यावयाचे नाही, भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून त्याची भरपाई करावयाची, अशी त्यांची वृत्ती होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण या वृत्तीत त्यामुळे फरक पडला नाही. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघाले. विधवांच्या शाळेसाठी निधी उभारणे हाच त्यामागील उघड हेतू होता. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिने 10 वर्षे शाळेचा खर्च चालविण्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

हमी मिळाली, पण तिच्याबरोबर अट आली. शाळेत धर्मोपदेश करावयाचा नाही, हे असोसिएशनचे धोरण होते. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून वाद पेटला, न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या प्रसंगाने रमाबाईंना एक गोष्ट उमगली असावी. दात्याच्या पैशाबरोबर दात्याचे मतही घरात येते. इकडे दहा वर्षांची मुदतही सरत चालली होती.

म्युलर यांचा धडा

याच सुमारास त्यांच्या वाचनात तीन पुस्तके आली : ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर (१८०५-१८९८) यांच्या कार्याची हकिकत, चायना इनलँड मिशनचा इतिहास, आणि दक्षिण समुद्रातील मिशनरी जॉन पेटन यांचे चरित्र. म्युलर यांनी १८३० पासून ठरावीक वेतन घेणे सोडले होते. पुढे हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करताना कोणाही माणसाकडे पैसा मागावयाचा नाही, गरज फक्त प्रार्थनेत मांडावयाची, असा त्यांचा नियम होता. अशी संस्था भारतातही चालू शकेल काय, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात या वाचनातून रुजला.

त्यांनी हा धडा एकदम गिरवला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेची मदत थांबल्यावर काय करावयाचे, याचा विचार करून त्यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यास पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली व तेथे फळबाग लावण्याचे योजिले. प्रार्थना चालू होती आणि खड्डेही खणले जात होते. १८९६ च्या लोणावळे येथील शिबिरात त्यांनी केलेली प्रार्थनाही अशीच हिशेबी आहे. त्या वेळी सदनातील १५ मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केलेला होता. पुढील शिबिरापूर्वी या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे ती २२५ व्हावी, असे त्यांनी मागितले. त्यानंतर लगेच मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडून शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. स्वतःच्या तारुण्यातील दुष्काळ त्यांच्या स्मरणात असल्याशिवाय हे धाडस झाले नसते. बाग फळास येण्यापूर्वीच तेथे माणसे येऊन पोहोचली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर 'मुक्ती'तील रहिवाशांची संख्या सुमारे २,००० वर गेली.

म्युलर यांच्या पद्धतीत एक अंतर्विरोध आहे आणि तो केडगावातही उतरला. माणसाकडे मागावयाचे नाही हा नियम, परंतु देवाने काय दिले याचा वृत्तान्त मात्र छापून प्रसिद्ध करावयाचा. म्युलर यांची 'हकिकत' आणि वार्षिक अहवाल इंग्लंडभर वाचले जात, आणि वाचणारे देणगी पाठवीत. रमाबाईंचे 'मुक्ती प्रेअर बेल' हे इंग्रजी नियतकालिक आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ए टेस्टिमनी' ही साक्ष याच प्रकारचे लेखन होय. धान्य संपत आले, प्रार्थना झाली, टपालाने हुंडी आली, असे वृत्त वाचणाऱ्या दूरदेशीच्या भाविकाला आणखी वेगळी विनंती करण्याची गरज उरत नाही. यास दांभिकपणा म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. रमाबाईंच्या दृष्टीने पैसा आल्यावर त्याची पोच न देणे हीच कृतघ्नता होती. तथापि साक्ष आणि आवाहन यांच्यामधील रेषा फार बारीक होती, एवढे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

लेखनाच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाचा बदल घडला. १८८२ व १८८७ ची पुस्तके पैसा मिळविण्यासाठी लिहिली गेली. १९०० नंतरचे लेखन मिळालेल्या पैशाची कृतज्ञ नोंद म्हणून लिहिले गेले. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथातील चिकित्सक, नर्मविनोदी, कधी उपरोधिक अशी रमाबाई या उत्तरकालीन लेखनात क्वचितच दिसते. मीरा कोसंबी व उमा चक्रवर्ती यांच्या अभ्यासामुळे पूर्वकालीन रमाबाई पुन्हा चर्चेत आल्या. उत्तरकालीन रमाबाईंकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वाचक म्हणून पूर्वीच्या रमाबाई अधिक रुचतात हे खरे, परंतु तेवढ्याने नंतरचे कार्य गौण ठरत नाही.

न विकावयाचा ग्रंथ

आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. अनेक शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ चिकटून येतात, आणि खेड्यातील सामान्य स्त्रीला ते कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेल्या पंडितेने संस्कृत शब्दांची गाळणी हाती घ्यावी, यातील विलक्षणपणा सहज लक्षात येतो. या कामासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला.

या ग्रंथामागे कोणतीही बायबल सोसायटी उभी नव्हती. कागद व यंत्रे देणग्यांतून आली, आणि खिळे जुळविणे, छपाई, घडी घालणे, बांधणी ही कामे मुक्ती छापखान्यात तेथील मुली व स्त्रियांनी केली. दुष्काळातून वाचलेली, पूर्वी अक्षरओळख नसलेली मुलगी शिशाची अक्षरे जुळवून पवित्र शास्त्र सिद्ध करते, हे चित्र रमाबाईंच्या चरित्रकारांना फार भावले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र 'देवाने पुरविले' या वाक्यात या स्त्रियांचे श्रम अंतर्भूत आहेत, हेही विसरता कामा नये. पुरवठा आकाशातून पडला नव्हता. त्यातील मोठा भाग केडगावातील हातांनी निर्माण केलेला होता.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम पूर्णत्वास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले.

वेतनत्याग आणि घर

रेव्ह. टिळकांची वाट निराळी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत आले. शिक्षण, उपदेश, 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन, अभंग व भजने, आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य, असा त्यांच्या कार्याचा विस्तार होता. हे सर्व मिशनच्या वेतनावर चालले. वेतनाखाली वावरणारा उपदेशक आपल्या देशबांधवांना परक्याचा चाकर वाटतो, ही सल त्यांना होती. तुकारामाची वाट चालून ख्रिस्तापर्यंत आलेल्या कवीला ती विशेष बोचली असल्यास नवल नाही. १९१७ मध्ये त्यांनी वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली व 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बिरादरी आरंभिली.

हा निर्णय टिळकांच्या बाजूने पाहिला तर उदात्त आहे. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिला तर त्याचे रूप पालटते, आणि सुदैवाने त्या बाजूची साक्ष उपलब्ध आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, दारी आलेला विन्मुख जात नसे, आणि उद्याची चिंता करणे त्यांच्या स्वभावात नव्हते, हे त्या ग्रंथाच्या वाचकास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ही चिंता नाहीशी झाली नव्हती, ती फक्त लक्ष्मीबाईंकडे सोपविली गेली होती. त्यांनी ती तक्रारीच्या सुरात न सांगता हसत सांगितली, म्हणून पुष्कळदा ती वाचकाच्या दृष्टीतून निसटते. पतीच्या पाठोपाठ पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेली ही स्त्री पतीच्या विश्वासाचा आदर करते, पण त्याच्या हिशेबावर तिचा विश्वास नाही.

रमाबाई व टिळक यांच्यातील फरक येथे स्पष्ट होतो. रमाबाईंनी भरवशाबरोबर विहिरी, बाग, छापखाना आणि जमाखर्चाची वही ठेवली. भुकेचा अनुभव त्यांचा स्वतःचा होता. टिळकांनी भरवसा ठेवला आणि वही दुसऱ्या हाती राहिली.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन'चे थोडेच अध्याय लिहून झाले होते. वेतनत्यागानंतर त्यांना दोन वर्षेही मिळाली नव्हती. शाळेचे शिक्षण न घेतलेल्या, पतीच्या आग्रहाने लिहावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते काव्य हाती घेतले, आणि आज उपलब्ध असलेल्या 'ख्रिस्तायन'चा बहुतांश भाग त्यांनी रचलेला आहे.